पेशी दुप्पट झाल्या, पण कशामुळे? वाढीचं जनुक आणि मेंदूच्या पूर्वज पेशी तपासण्याची माझी पद्धत

मागच्या पावसाळ्यात आमच्या लॅबमधली नवी विद्यार्थिनी काउंटची वही घेऊन माझ्या टेबलाशी आली. "ताई, दुप्पट झाल्या!" एन-मिक हे जनुक जादा चालू केलेल्या प्लेटमध्ये चार दिवसांनी साध्या प्लेटच्या बरोबर दुप्पट पेशी निघाल्या होत्या. तिच्या मते उत्तर मिळालं होतं: हे जनुक पूर्वज पेशींना, म्हणजे विभागत राहून पुढे चेतापेशी होणाऱ्या पेशींना, वेगाने विभागायला लावतं. मी तिला बसायला सांगितलं आणि वहीच्या मागच्या पानावर एक हिशेब मांडला. तोच इथे आधी मांडते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

समजा १००० पूर्वज पेशी आहेत आणि एका विभाजनाला ३२ तास लागतात. ९६ तासांत तीन फेऱ्या होतील. दर फेरीत जन्मलेल्या पेशींपैकी निम्म्या विभाजन सोडून चेतापेशी व्हायला निघाल्या आणि निम्म्याच पुन्हा विभागल्या, तर १००० च्या २०००, मग ३०००, मग ४००० होतील. आता घड्याळ तेच ठेवा, ३२ तासच, फक्त एकही पेशी बाहेर पडू देऊ नका. १००० च्या २०००, ४०००, ८००० होतील. आकडा दुप्पट झाला, पण कुठलीही पेशी एका मिनिटानेही जास्त वेगाने विभागली नाही.

म्हणजे 'दुप्पट' या शब्दात निदान चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात. पेशींचं चक्र, म्हणजे एका विभाजनापासून पुढच्यापर्यंतचा प्रवास, लवकर पुरं होत असेल. चक्रातून बाहेर पडणाऱ्या पेशी कमी झाल्या असतील. मरणाऱ्या कमी झाल्या असतील. किंवा पहिल्याच दिवशी त्या प्लेटला जास्त चिकटल्या असतील आणि बाकी काहीच घडलं नसेल. शेवटच्या दिवशीच्या काउंटमधून या चारांतलं एकही वेगळं काढता येत नाही. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत १४ वर्षं मी पेशी वाढवते आहे, आणि या विषयात सर्वांत जास्त महिने वाया जाताना पाहिले ते याच गल्लतीपायी.

एन-मिक का

उदाहरणासाठी एन-मिक घेते, कारण हेच जनुक मी सर्वांत जवळून हाताळलं आहे आणि त्याची गोष्ट दोन्ही टोकांनी ठाऊक आहे. ते १९८३ मध्ये न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या कर्करोगात सापडलं, त्याच्या ढीगभर प्रती झालेल्या अवस्थेत. त्यामुळे सुरुवातीपासून त्याच्यावर 'कर्करोगाचं जनुक' असा शिक्का बसला. पण गर्भातल्या मेंदूत ते रोजच्या कामाचं जनुक आहे. २००२ मध्ये सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रातल्या नॉप्फ्लर, चेंग आणि आयझेनमन यांनी उंदरांच्या फक्त चेता-पूर्वज पेशींतून ते काढून टाकलं. मेंदू लहान राहिला, आणि त्यातही अनुमस्तिष्काला सर्वांत मोठा फटका बसला. पूर्वज पेशी कमी विभागल्या, एवढंच घडलं नव्हतं. त्या वेळेआधीच चेतापेशी व्हायला लागल्या होत्या. विभाजनाला लगाम घालणारी पी-२७ सारखी प्रथिनं त्यांच्यात वाढलेली होती.

माणसातही हेच दिसतं. २००५ मध्ये कळलं की या जनुकाची एक प्रत निकामी असली की फाइनगोल्ड सिंड्रोम होतो: डोकं लहान, बोटांची मधली पेरं आखूड, कधी अन्ननलिका जन्मतः बंद. २०१९ मध्ये याच्या बरोबर उलटं टोक नोंदलं गेलं. प्रथिनातलं ५८ वं अमिनो आम्ल, थ्रिओनीन, बदललेलं होतं. 'हे प्रथिन आता मोडून टाका' अशी खूण पेशी एरवी त्याच जागी लावते. ती जागाच बदलल्यामुळे प्रथिन टिकून राहिलं, मेंदू मोठा झाला आणि बोट जादा आलं. एका जनुकाच्या मात्रेवर डोक्याचा घेर ठरतो, हे मला अजूनही थक्क करतं.

आमचं मूळ घर गुहागरकडचं. भाताचा तरवा वाफ्यात किती दिवस ठेवायचा आणि लावणी कधी करायची, यावर वडील आणि काका दरवर्षी बोलत बसायचे. लवकर उपटला तर रोपं थोडी आणि कोवळी. उशीर केला तर रोपं पुष्कळ, पण फुटवा धरत नाही. चेता-पूर्वज पेशींबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो वाफाच डोळ्यांसमोर आला. एन-मिकसारखं जनुक वाफा वाढवतं की लावणी लांबवतं, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक वेळा ते दोन्ही करतं, आणि किती टक्के कुठलं, हे काढणं हे आपलं काम.

सुरू करण्याआधी

परवानग्या थोडक्यात सांगते. विषाणूवाहक वापरून जनुक घालणार असाल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी हवी. माणसाच्या आयपीएस पेशींपासून (साध्या पेशींना मागे नेऊन पुन्हा स्टेम पेशी केलेल्या) पूर्वज पेशी बनवणार असाल तर २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्टेम सेल समितीची, आणि उंदराचा गर्भ वापरणार असाल तर प्राणी समितीची. अर्ज आधी करा, ऑर्डर नंतर.

आता पेशी. माझी एक चूक सांगते, कारण ती आठ महिन्यांची होती. आमच्या जनुक घातलेल्या पेशी साध्या पेशींपेक्षा ठळक जोमाने वाढत होत्या. आम्ही आनंदात होतो. मग मी वही उलटून पॅसेजचे, म्हणजे पेशी कितव्यांदा नव्या प्लेटमध्ये हलवल्या याचे, आकडे पाहिले. साध्या पेशी नुकत्याच वितळवलेल्या, बाराव्या पॅसेजच्या. जनुक घातलेल्या पेशी निवड करत करत अठ्ठाविसाव्या पॅसेजला पोचलेल्या. गुणसूत्रं तपासून घेतली, तर २० व्या गुणसूत्राच्या लांब भुजेचा एक तुकडा जादा निघाला. आयपीएस आणि भ्रूण स्टेम पेशींत हा बदल पुन्हा पुन्हा आढळतो. त्या तुकड्यात पेशीला मरणापासून वाचवणारं जनुक असतं, म्हणून अशा पेशी हळूहळू बाकीच्यांना मागे टाकतात. आमचा 'एन-मिकचा परिणाम' निदान काही प्रमाणात त्या तुकड्याचा होता. किती प्रमाणात, हे सांगणं आता शक्य नव्हतं. सगळं पहिल्यापासून केलं.

तेव्हापासून माझा नियम: तुलना करायच्या सगळ्या पेशी एकाच नळीतून, एकाच दिवशी वितळवलेल्या, आणि पॅसेजमध्ये दोनपेक्षा जास्त फरक नाही. गुणसूत्रांची तपासणी प्रयोगाआधी आणि नंतरही. मायकोप्लाझ्मा या प्लेटमध्ये शिरणाऱ्या सूक्ष्म जिवाणूची चाचणी दर महिन्याला. डीएनए रंगवणाऱ्या डॅपीच्या रंगात केंद्रकाबाहेर बारीक ठिपक्यांची रांगोळी दिसली, तर पुढचं काही मोजू नका, प्लेट फेकून द्या.

जनुक चालू-बंद करता येईल अशी रचना घ्या. आम्ही डॉक्सिसायक्लिन दिल्यावर चालू होणारी घेतो. कायमचं चालू असलेलं जनुक घेतलंत, तर तुम्ही बघायला सुरुवात करेपर्यंत पेशींनी त्याच्याशी तडजोड केलेली असते. यात एक खाचखळगा आहे. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक आहे आणि ते आपल्या पेशींच्या मायटोकाँड्रियालाही त्रास देतं, विभाजन मंदावू शकतं. म्हणून 'औषध दिलेल्या विरुद्ध न दिलेल्या' ही तुलना पुरेशी नाही. रिकामी रचना घातलेल्या पेशींनाही तेवढंच औषध द्या. शिवाय एक तिसरी प्लेट ठेवा: एन-मिकचंच प्रथिन, पण मॅक्स या जोडीदाराला धरायचा तुकडा काढलेलं. मॅक्सशिवाय ते डीएनएवर बसून नेहमीचं काम करू शकत नाही. या प्लेटमध्येही पेशी वाढल्या, तर परिणाम प्रथिनाच्या कामाचा नाही, पेशीवर पडलेल्या ओझ्याचा आहे.

आणि मात्रा मोजा. वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनाची मात्रा दाखवणारी चाचणी) करून पाहा की तुमच्या पेशींत मूळच्या किती पट प्रथिन झालंय. औषध कमी-जास्त करून दोन-तीन मात्रा घ्या, १०० नॅनोग्रॅमपासून १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत. मूळच्या दोन-तीन पटीला जे दिसतं ते मेंदूबद्दल काहीतरी सांगतं. तीस-चाळीस पटीला जे दिसतं ते गाठीबद्दल सांगत असेल. दोन्ही कामाचं आहे, पण एकाच वाक्यात लिहू नका.

उलट दिशाही हवी. जनुक वाढवून जे दिसलं, त्याच्या विरुद्ध ते दाबल्यावर दिसलं पाहिजे. दाबण्यासाठी दोन वेगवेगळ्या जागांवर नेम धरणारे दोन मार्गदर्शक आरएनए वापरा. एकावर विसंबू नका.

विभाजन मोजताना

१२ मिलिमीटरच्या काचेच्या गोल तुकड्यांवर पॉलिऑर्निथिन आणि मग लॅमिनिनचा थर द्या. २४ खणांच्या प्लेटमध्ये दर खणात ५०,००० पेशी. पेरल्यावर सहा तासांनी दोन खण तिथेच फिक्स करून (रसायनाने पेशी आहेत तशा थांबवून) मोजा. किती चिकटल्या हे कळतं, आणि वर सांगितलेल्या चार शक्यतांपैकी चौथी त्याच दिवशी निकालात निघते. हे काम एका तासाचं आहे आणि बहुतेक जण ते गाळतात.

मीडियात (पेशींच्या पोषक द्रवात) ईजीएफ आणि एफजीएफ-२ हे वाढीचे घटक, दोन्ही २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. एफजीएफ-२ नाजूक आहे. ३७ अंशांना एका दिवसात त्याचा बराच भाग निकामी होतो. शनिवारी मीडिया बदलून सोमवारी आलात, तर रविवारी पेशी जवळजवळ उपाशी असतात आणि काही चेतापेशी व्हायला निघतात. एन-मिकच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं. हे प्रथिन मुळात तासाभराच्या आत मोडलं जातं. वाढीच्या घटकांकडून आणि इन्शुलिनकडून येणारा संदेश ५८ व्या जागेवरची ती खूण लागू देत नाही, म्हणून ते टिकतं. म्हणजे मीडिया बदलला की तुमच्या जनुकाची मात्राही बदलते, तुम्ही डॉक्सिसायक्लिन कितीही काटेकोर दिलंत तरी. प्रयोगाच्या आठवड्यात मी रविवारीही येते.

ईडीयू (नव्या डीएनएत शिरणारी खूण) १० मायक्रोमोलर, अर्ध्या तासासाठी. त्या अर्ध्या तासात ज्या पेशी डीएनएची नक्कल करत असतील त्याच रंगतील. मग ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये १५ मिनिटं. इथे एक सूचना: तुमच्या रचनेत जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन असेल, तर ईडीयू रंगवायच्या तांब्याच्या रासायनिक क्रियेत त्याचा हिरवा उजेड मंदावतो. दोन दिवस सूक्ष्मदर्शकात जीएफपी शोधत बसू नका. आधी ईडीयूची क्रिया करा, मग जीएफपीविरुद्धची अँटिबॉडी लावा.

सोबत केआय-६७ ची अँटिबॉडी. या नावातलं 'के-आय' म्हणजे जर्मनीतलं कील शहर आणि ६७ म्हणजे प्लेटच्या ज्या खणात तो क्लोन सापडला त्याचा आकडा. मला हे नाव फार आवडतं. कुणीतरी खण मोजत बसलं होतं, हे त्यात उरलं आहे. केआय-६७ चक्रात असलेल्या सगळ्या पेशींत असतं. म्हणून एकूण पेशींत केआय-६७ असलेल्या किती, यावरून चक्रात किती आहेत ते कळतं. आणि त्यांच्यापैकी ईडीयू घेतलेल्या किती, यावरून नक्कल करण्याची अवस्था चक्राचा किती हिस्सा व्यापते याचा अंदाज येतो. पहिला आकडा बदलला आणि दुसरा तसाच राहिला, तर जनुकाने घड्याळ बहुधा हलवलेलं नाही. पेशींना आत धरून ठेवलंय.

घड्याळ पक्कं मोजायचं असेल तर एकच डोस पुरत नाही. १, २, ४, ८, १२, २४ तास सतत खूण देत राहा आणि दर वेळी किती टक्के रंगल्या ते आलेखावर मांडा. रेघ चढत जाते आणि एका उंचीवर सपाट होते. सपाट उंचीवरून चक्रात किती आहेत ते कळतं, चढावरून चक्राची लांबी. नोवाकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही चालते. मात्र ईडीयू फार वेळ ठेवलं तर पेशींना बाधतं. लांब मोजणीसाठी मी जुनं ब्रोमोडीऑक्सियुरिडिनच वापरते.

जी-१ चं महत्त्व

इथे थोडं थांबते, कारण या विषयाचं मर्म इथे आहे. विभाजन आणि विभेदन (इथे, पूर्वज पेशीने चेतापेशी होणं) ही दोन वेगळी बटणं आहेत, एक दाबलं की दुसरं सुटतं, असं आपण शिकतो. पण उंदराच्या मेंदूच्या बाह्यकात ताकाहाशी, नोवाकोव्स्की आणि केव्हिनेस यांनी १९९५ मध्ये जे मोजलं ते वेगळंच सांगतं. सहा दिवसांत पूर्वज पेशींची ११ चक्रं होतात. पहिलं चक्र साधारण ८ तासांचं, शेवटचं १८ तासांचं. आणि ही वाढ जवळजवळ सगळी जी-१ या एकाच टप्प्यात, म्हणजे विभाजनानंतर आणि डीएनएची नक्कल सुरू होण्याआधी, होते; तो तीन तासांवरून बारा तासांवर जातो. नक्कल करायला आणि प्रत्यक्ष दुभंगायला लागणारा वेळ फारसा बदलत नाही. जी-१ लांबत जातो तशा बाहेर पडणाऱ्या पेशी वाढत जातात.

मग प्रश्न आला: लांबलेला जी-१ हा परिणाम आहे की कारण? २००३ मध्ये ड्रेस्डेनला कालेगारी आणि हुटनर यांनी औषध देऊन चक्र फक्त लांबवलं, थांबवलं नाही. पेशी वेळेआधी चेतापेशी व्हायला लागल्या. २००९ मध्ये त्यांच्याच गटाने चक्र पुढे ढकलणारी सीडीके-४ आणि सायक्लिन डी-१ ही प्रथिनं वाढवून जी-१ आखूड केला. चेतापेशी होणं लांबलं आणि मधल्या टप्प्यातल्या पूर्वज पेशी वाढल्या. म्हणजे पेशी जी-१ मध्ये जितका वेळ रेंगाळते, तितका 'आता बाहेर पड' हा संदेश तिच्यात मुरायला अवधी मिळतो.

वाढीला चालना देणारं कुठलंही जनुक तपासताना हे डोक्यात ठेवा. एन-मिक सायक्लिन डी चं उत्पादन वाढवतं आणि पी-२७ सारखे लगाम सैल ठेवतं, म्हणजे ते जी-१ वरच बसलेलं आहे. त्याने विभेदन रोखलं, तर दोन शक्यता आहेत: त्याने विभेदनाची जनुकं थेट दाबली, किंवा फक्त जी-१ आखूड केला आणि बाकीचं आपोआप झालं. हे वेगळं करायला आम्ही एन-मिक चालू ठेवून सीडीके-४/६ रोखणारं औषध अगदी कमी मात्रेत देतो, चक्र थांबणार नाही पण लांबेल इतकंच. चेतापेशी परतल्या, तर जनुक घड्याळातून काम करत होतं. नाही परतल्या, तर त्याचा विभेदनावर स्वतंत्र हात आहे. औषधाची मात्रा शोधण्यातच माझे तीन आठवडे जातात, आणि ते जायलाच हवेत.

बाहेर किती पडल्या

ईडीयू एकदाच द्या, धुवून टाका, २४ तास थांबा, मग केआय-६७ साठी रंगवा. ईडीयू आहे पण केआय-६७ नाही, म्हणजे काल विभागत होती आणि आज चक्राबाहेर आहे. अशा पेशींना ईडीयू असलेल्या एकूण पेशींनी भागा. हा माझा सर्वांत आवडता आकडा आहे, कारण तो संख्या सांगत नाही, पेशीने काय ठरवलं ते सांगतो.

त्यात दोन सावधगिऱ्या. चक्र सोडल्यावर केआय-६७ लगेच पुसलं जात नाही, हळूहळू ओसरतं; म्हणून माणसाच्या मंद पेशींत मी २४ तासांबरोबर ४८ तासही घेते. दुसरी जास्त महत्त्वाची: जनुकाने घड्याळ वेगवान केलं असेल, तर त्याच २४ तासांत त्या पेशींना बाहेर पडायची संधी जास्त वेळा मिळाली. म्हणून आधी चक्राची लांबी मोजा आणि दर विभाजनामागे किती बाहेर पडल्या ते काढा.

विभेदन: इथे घाई नको

एन-मिकच्या प्लेटमध्ये चार दिवसांत दाटी जास्त झालेली असते. दाटीतल्या पेशी एकमेकींना नॉच या पृष्ठभागावरच्या प्रथिनामार्फत संदेश देतात, आणि त्याने चेतापेशी होण्याचं प्रमाण बदलतं. तशाच प्लेटमधून ईजीएफ-एफजीएफ काढून विभेदन सुरू केलंत, तर तुम्ही दाटीचा परिणाम मोजाल. पेशी सोडवा, पुन्हा मोजा, सगळीकडे सारख्या पेरा, दुसऱ्या दिवशी वाढीचे घटक काढा.

बी-२७ या मीडियात घालायच्या पूरकाची बाटली नीट वाचा. एक प्रकार अ-जीवनसत्त्वासह येतो, एक त्याशिवाय. अ-जीवनसत्त्वापासून पेशी रेटिनॉइक आम्ल बनवू शकतात आणि ते चेतापेशी होण्याकडे ढकलतं. अर्धा प्रयोग एका बाटलीवर आणि अर्धा दुसऱ्यावर झाला, तर काहीच वाचता येणार नाही. सीमा शुल्कात अडकलेल्या पार्सलची वाट पाहत बसलेल्यांना हा मोह होतो. वाट पाहा.

मग ३, ७ आणि १४ दिवसांना फिक्स करा. रंगवायच्या खुणा अशा: सॉक्स-२ आणि नेस्टिन म्हणजे अजून पूर्वज, डबलकॉर्टिन म्हणजे नुकती निघालेली, ट्युज-१ म्हणजे कोवळी चेतापेशी, मॅप-२ म्हणजे जरा पक्की. जीएफएपी ही ॲस्ट्रोसाइटची (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींची) खूण माणसाच्या पेशींत दोन आठवड्यांत फारसं दिसत नाही, म्हणून 'एन-मिकने ॲस्ट्रोसाइट रोखले' असं १४ व्या दिवशी लिहू नका. ते एरवीही आले नसते. मीडिया बदलताना अर्धाच काढा. चेतापेशींचा थर पापुद्र्यासारखा सुटून येतो आणि सुटून जाणाऱ्या नेमक्या चेतापेशीच असतात, मागे राहिलेल्या पूर्वज पेशींची टक्केवारी फुगते.

सर्वांत मोठा सापळा मरणाचा. मिक कुळातली जनुकं पेशीला पुढे ढकलतात, पण वाढीचे घटक काढून घेतले की त्याच पेशींना मरणाकडेही नेतात. विभेदनाच्या प्रयोगात आपण नेमके तेच घटक काढून घेतो. तिसऱ्या दिवशी एन-मिकच्या प्लेटमध्ये चेतापेशी कमी दिसल्या, तर त्या झाल्याच नाहीत की होता होता मेल्या? म्हणून पहिल्या ७२ तासांत दर १२ तासांनी एक खण फिक्स करून तुटलेल्या कॅस्पेस-३ साठी (ही मरणाऱ्या पेशीची खूण) रंगवा, आणि कॅस्पेस आणि डबलकॉर्टिन एकत्र असलेल्या पेशी मोजा. ते हातून सुटलं, तर पुढचे दोन आठवडे उरलेल्यांचीच मोजणी होते. गेलेल्या मीडियात तरंगणाऱ्या पेशीही गोळा करून मोजते मी.

टक्केवारीबद्दल. समजा साध्या प्लेटमध्ये १००० केंद्रकांपैकी ३०० ट्युज-१, म्हणजे ३० टक्के. एन-मिकच्या प्लेटमध्ये २००० पैकी ४००, म्हणजे २० टक्के. टक्का घटला, चेतापेशी वाढल्या. 'जनुक विभेदन रोखतं' आणि 'जनुक जास्त चेतापेशी देतं', ही दोन्ही वाक्यं या एकाच प्लेटमधून खरी निघतात. वाढत्या मेंदूत दोन्हींना अर्थ आहे: आज कमी प्रमाणात बाहेर पडलं की उद्यासाठी वाफा मोठा राहतो. म्हणून नेहमी दोन्ही आकडे द्या, आणि सुरुवातीला किती पेरल्या तो तिसरा.

मोजणी करणाऱ्याला काचेवर कोणतं जनुक आहे हे कळता कामा नये. आमच्याकडे दुसरी व्यक्ती काचांवर आकडे टाकते आणि यादी कपाटात ठेवते. आणि एका काचेवरची दहा क्षेत्रं म्हणजे दहा प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या वितळवलेल्या नळीतून केलेला तो प्रयोग. असे निदान तीन हवेत.

जोड्या आणि बंद बटण

हे सगळं झालं तरी आपण गर्दीचीच सरासरी बघत असतो. म्हणून एक संथ काम शेवटी करते. पेशी इतक्या विरळ पेरायच्या की एकमेकींपासून लांब राहतील, एक विभाजन होऊ द्यायचं, आणि जन्मलेल्या दोन बहिणी सॉक्स-२ आणि ट्युज-१ साठी रंगवायच्या. दोघी पूर्वज, एक पूर्वज आणि एक चेतापेशी, की दोघी चेतापेशी, एवढंच लिहायचं. १०० जोड्या मोजायला दोन दिवस जातात, पण जनुकाने निर्णय बदलला का, हे मला इथेच दिसतं. दोघी-पूर्वज जोड्या वाढल्या आणि बाकीच्या कमी झाल्या, तर वर मांडलेला तो वहीतला हिशेब इथे उघड्यावर आलेला असतो.

आणि मग औषध बंद. चार दिवस एन-मिक चालू ठेवलेल्या प्लेटमधून डॉक्सिसायक्लिन तीन वेळा धुवून काढा. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी वेस्टर्न करून प्रथिन खरंच गेल्याची खात्री करा. प्रथिन लवकर मोडतं, पण औषध पेशींत रेंगाळतं. मग पेशी सारख्या पेरून विभेदन सुरू करा आणि सात दिवसांनी ट्युज-१ मोजा.

त्या विद्यार्थिनीने हे सगळं केलं. दिवाळीची सुट्टी मध्ये धरून साडेचार महिने लागले. चक्र थोडं आखूड झालं होतं, पण दुप्पट होण्याचा मोठा वाटा बाहेर पडणं कमी झाल्याचा होता. चिकटण्यात फरक नव्हता. वाढीच्या मीडियात मरण सारखंच होतं, विभेदनाच्या पहिल्या दोन दिवसांत मात्र एन-मिकच्या प्लेटमध्ये जास्त होतं. औषध धुतल्यावर सातव्या दिवशी मी आणि ती एकत्र सूक्ष्मदर्शकापाशी बसलो. काचेवर आकडा होता, नाव नव्हतं. ट्युज-१ चे लांब लाल तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले होते. तिने कपाटातून यादी आणली, आकडा शोधला आणि बोट ठेवून मला दाखवला. ती काच धुतलेल्या एन-मिकची होती.